हान्स फिशर

हान्स फिशर (जन्म : होक्स्ट आम माइन, जर्मनी, २७ जुलै १८८१, मृत्यू : म्युनिक, ३१ मार्च १९४५) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ होते. पोर्फिरिन या नैसर्गिक रंगद्रव्यांच्या वर्गाची रासायनिक रचना उलगडण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते. रक्ताला लाल रंग देणारे हीम, पानांना हिरवा रंग देणारे हरितद्रव्य आणि पित्ताला पिवळसर रंग देणारे बिलिरुबिन ही तीन द्रव्ये रंगाने व कार्याने अगदी वेगळी असली, तरी पायरोल नावाच्या एकाच प्रकारच्या लहान कड्यांपासून ती बनलेली असतात. हे नाते फिशर यांनी केवळ अनुमानाने मांडले नाही, तर ही द्रव्ये वा त्यांचे घटक प्रयोगशाळेत घडवून सिद्ध केले. हेमिन व हरितद्रव्य यांच्या रचनेवरील संशोधनासाठी आणि विशेषतः हेमिनच्या संश्लेषणासाठी त्यांना १९३० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरात हीम कसे तयार होते आणि कसे मोडते, म्हणजेच पोर्फिरिनांचा चयापचय, या विषयावर पुढे झालेले बहुतेक सर्व संशोधन फिशर यांनी निश्चित केलेल्या रचनांच्या पायावर उभे आहे.

बालपण आणि शिक्षण

फिशर यांचे वडील ऑयगेन फिशर हे रसायनशास्त्रज्ञ होते. व्हीसबाडेन येथील काले या रंग बनविणाऱ्या कंपनीचे ते संचालक होते आणि श्टुटगार्टच्या तांत्रिक उच्च विद्यालयात अध्यापनही करीत. रंगांचे रसायनशास्त्र अशा रीतीने हान्स यांच्या घरातच होते. त्यांचे प्राथमिक शिक्षण श्टुटगार्टला आणि माध्यमिक शिक्षण व्हीसबाडेनला झाले. १८९९ साली शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यांनी लोझान व नंतर मारबुर्ग येथे रसायनशास्त्र आणि वैद्यक या दोन्ही विषयांचा अभ्यास केला. १९०४ मध्ये मारबुर्ग विद्यापीठाने त्यांना रसायनशास्त्रातील डॉक्टरेट दिली आणि १९०८ मध्ये म्युनिक येथे त्यांनी वैद्यकातील डॉक्टरेट मिळवली.

दोन विद्याशाखांचे हे दुहेरी शिक्षण त्यांच्या पुढील आयुष्याला वळण देणारे ठरले. रुग्णाच्या मूत्रात दिसणारा रंग हे वैद्याच्या दृष्टीने लक्षण असते, तर रसायनशास्त्रज्ञाच्या दृष्टीने तो एक पदार्थ असतो. फिशर यांना या दोन्ही दृष्टी लाभल्या होत्या.

रुग्णालयातून प्रयोगशाळेकडे

आरंभी फिशर यांनी म्युनिकच्या वैद्यकीय चिकित्सालयात काम केले. त्यानंतर ते बर्लिनला एमिल फिशर यांच्या रासायनिक संस्थेत गेले आणि तेथे त्यांनी शर्करांवर संशोधन केले. एमिल फिशर हे १९०२ सालचे नोबेल पारितोषिकाचे मानकरी. आडनाव सारखे असल्यामुळे या दोघांच्या नावांत पुष्कळदा गल्लत होते. १९११ मध्ये हान्स फिशर म्युनिकला परतले. तेथील ख्यातनाम वैद्य फ्रीड्रिख फोन म्युलर यांच्या सूचनेवरून त्यांनी पित्तातील रंगद्रव्यांचा अभ्यास हाती घेतला. कावीळ झालेल्या माणसाचे डोळे व त्वचा ज्या बिलिरुबिनमुळे पिवळी होतात, ते रासायनिकदृष्ट्या काय आहे, हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते. १९१२ मध्ये ते अंतर्गत वैद्यकाचे आणि १९१३ मध्ये शरीरक्रियाशास्त्राचे अधिव्याख्याते झाले.

याच काळात त्यांचा पोर्फिरिनांशी जवळून संबंध आला. पोर्फिरिन हा शब्द जांभळा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. हीममधील लोह काढून घेतले की उरते ते पोर्फिरिन. प्रखर प्रकाशात, विशेषतः अतिनील किरणांत, ते लाल रंगाने चमकते. काही दुर्मीळ आजारांत रुग्णाच्या शरीरात पोर्फिरिने साठतात, मूत्राला गडद लाल रंग येतो आणि उन्हाच्या स्पर्शाने त्वचेवर फोड येऊन व्रण पडतात. या आजारांना पोर्फिरिया म्हणतात. पोर्फिरिन आणि प्रकाश यांचा हा घातक संबंध फ्रीड्रिख मायर-बेट्झ या जर्मन वैद्याने १९१२ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवला होता. त्याने ०.२ ग्रॅम हिमॅटोपोर्फिरिन स्वतःच्या शिरेत टोचून घेतले. त्यानंतर उन्हात जाताच त्याचा चेहरा व हात सुजले आणि ही प्रकाशसंवेदनशीलता पुढे अनेक आठवडे टिकली.

जन्मजात पोर्फिरिया असलेल्या एका रुग्णाच्या मूत्रातून व मलातून फिशर यांनी १९१५ च्या सुमारास दोन वेगवेगळी पोर्फिरिने शुद्ध स्वरूपात वेगळी केली. एकाला युरोपोर्फिरिन आणि दुसऱ्याला कोप्रोपोर्फिरिन ही नावे मिळाली. पहिले नाव मूत्रावरून आणि दुसरे मलावरून आले आहे. ही नावे आजही रूढ आहेत. हा रुग्ण पुढे फिशर यांच्या प्रयोगशाळेतच साहाय्यक म्हणून काम करू लागला. ज्या आजाराने त्याला उन्हापासून दूर राहावे लागले, त्याच आजाराने विज्ञानाला पोर्फिरिनांचा एक महत्त्वाचा स्रोत मिळवून दिला.

१९१६ मध्ये आडोल्फ विंडाउस यांच्या जागी इन्सब्रुक येथे वैद्यकीय रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून फिशर यांची नेमणूक झाली. १९१७ मध्ये क्षयाच्या बाधेमुळे त्यांचे एक मूत्रपिंड काढावे लागले. १९१८ मध्ये ते व्हिएन्नाला गेले. परंतु पहिल्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या त्या वर्षांत त्यांच्या संशोधनाला फारशी गती येऊ शकली नाही. १९२१ मध्ये हाइनरिख व्हीलांट यांच्यानंतर म्युनिकच्या तांत्रिक उच्च विद्यालयात (आजचे म्युनिक तांत्रिक विद्यापीठ) सेंद्रिय रसायनशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांना मिळाले. अखेरपर्यंत ते याच पदावर राहिले.

रक्ताच्या रंगाचे कोडे

फिशर यांच्यापूर्वीही या क्षेत्रात मोलाचे काम झाले होते. १८५३ मध्ये लुडविक टाइखमान यांनी वाळलेल्या रक्तापासून हेमिनचे स्फटिक मिळवले होते. हेमिन म्हणजे हीमचे क्लोरीनयुक्त, स्फटिकरूप संयुग. संशयित डाग रक्ताचा आहे की नाही हे ठरविण्यासाठी न्यायवैद्यकात या स्फटिकांचा उपयोग होऊ लागला. पुढे मार्सेली नेंत्स्की यांनी रक्तातील व पानांतील रंगद्रव्यांचे विघटन केल्यावर सारखेच पदार्थ हाती लागतात, हे दाखवले. रिखार्ट व्हिल्श्टेटर यांनी हरितद्रव्यात मॅग्नेशियम असल्याचे सिद्ध केले. त्यांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र या द्रव्यांमधील अणू एकमेकांना नेमके कसे जोडलेले असतात, हा प्रश्न सुटला नव्हता. १९१२ मध्ये व्हिल्हेल्म क्युस्टर यांनी एक धाडसी कल्पना मांडली होती. पायरोल हे चार कार्बन व एक नायट्रोजन यांचे पाच कोनांचे कडे आहे. अशी चार कडी एकेका कार्बनच्या पुलाने जोडली जाऊन एक मोठे वर्तुळ तयार होते आणि त्याच्या मध्यभागी लोह बसते, असे त्यांचे म्हणणे होते. एवढे मोठे कडे टिकाऊ असू शकेल, यावर त्या काळी पुष्कळांचा विश्वास बसला नाही. स्वतः फिशरही प्रथम साशंक होते. पुढे त्यांच्याच प्रयोगांनी क्युस्टर यांची कल्पना खरी ठरवली. मुळात अमान्य असलेल्या कल्पनेला पुरावा मिळताच ती स्वीकारून पुढे नेणे हा फिशर यांच्या कार्यपद्धतीचा एक लक्षणीय भाग आहे.

हेमिनचे संश्लेषण

फिशर यांनी कोडे सोडविण्यासाठी दोन मार्ग एकाच वेळी धरले. पहिला मार्ग मोडण्याचा होता. रक्तापासून मिळवलेल्या हेमिनचे तुकडे करायचे आणि मिळालेला प्रत्येक पायरोल ओळखायचा. दुसरा मार्ग जोडण्याचा होता. ओळखलेले पायरोल प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे तयार करायचे, त्यांच्या जोड्या बांधायच्या आणि अशा दोन जोड्या सेंद्रिय अम्लाच्या वितळलेल्या रसात तापवून त्यांचे वर्तुळ पूर्ण करायचे. अशा रीतीने तयार केलेले पोर्फिरिन आणि निसर्गातील पोर्फिरिन तंतोतंत सारखे निघाले, तरच रचना सिद्ध झाली असे ते मानत.

यातील मुख्य अडचण समघटकांची होती. हीममधील पोर्फिरिनाच्या वर्तुळावर बाहेरच्या बाजूने आठ जागा असतात. त्यांपैकी चार जागी मिथिल, दोन जागी व्हिनिल आणि दोन जागी प्रोपिऑनिक अम्लाचे गट असतात. हे तीन प्रकारचे गट आठ जागी बसविण्याच्या १५ वेगवेगळ्या रीती संभवतात. निसर्गाने यांतील कोणती निवडली, हे ठरविण्यासाठी त्या मालिकेतील पोर्फिरिने एकामागून एक तयार करून नैसर्गिक पदार्थाशी ताडून पाहावी लागली. त्यांच्या यादीतील नवव्या क्रमांकाची रचना जुळली. म्हणूनच या पदार्थाला आजही प्रोटोपोर्फिरिन नऊ असे म्हणतात. नावातील हा आकडा अन्य कोणताही गुणधर्म सांगत नाही; तो केवळ फिशर यांच्या यादीतील अनुक्रमांक आहे.

१९२९ मध्ये फिशर व त्यांचे सहकारी कार्ल त्साइले यांनी हेमिनचे संपूर्ण संश्लेषण पूर्ण केले. प्रथम त्यांनी व्हिनिल गट नसलेले ड्यूटेरोपोर्फिरिन बनवले, त्यात लोह बसवले, रिकाम्या दोन जागी ॲसिटिल गट जोडले, लोह पुन्हा काढले, त्या गटांचे रूपांतर करून अखेर प्रोटोपोर्फिरिन मिळवले आणि त्यात पुन्हा लोह घातले. तयार झालेले स्फटिक रक्तातून काढलेल्या हेमिनशी सर्व बाबतींत जुळले.

हे सर्व वर्णक्रमदर्शक, वितलनांक आणि सूक्ष्मविश्लेषण एवढ्याच साधनांवर झाले. आजच्या काळात रेणूची रचना काही तासांत दाखवणारी उपकरणे तेव्हा नव्हती. फिशर यांच्या प्रयोगशाळेत १३० हून अधिक पोर्फिरिने संश्लेषित करण्यात आली आणि ६०,००० हून अधिक सूक्ष्मविश्लेषणे झाली. विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी शिस्तीने वाटून केलेले हे काम होते.

निसर्गातील पोर्फिरिने

पोर्फिरिने केवळ रक्तापुरती मर्यादित नाहीत, हेही फिशर यांच्या गटाने दाखवले. पक्ष्यांच्या अंड्यांच्या कवचावरील तपकिरी ठिपक्यांतील द्रव्य हे हीममधीलच प्रोटोपोर्फिरिन आहे, हे त्यांनी सिद्ध केले. आफ्रिकेतील तुराको पक्ष्याच्या पंखांतील किरमिजी रंग हा युरोपोर्फिरिन व तांबे यांच्या संयुगाचा असतो, असे आढळले. यीस्टमध्येही त्यांना कोप्रोपोर्फिरिन सापडले. त्यांचे शिष्य आल्फ्रेट ट्राइब्स यांनी १९३० च्या दशकात खनिज तेलात पोर्फिरिने शोधून काढली. खनिज तेल हे प्राचीन सजीवांच्या अवशेषांपासून बनले आहे, याचा तो एक भक्कम रासायनिक पुरावा ठरला.

फिशर यांच्या आणखी एका निरीक्षणाचे महत्त्व पुढे वाढत गेले. जन्मजात पोर्फिरियाच्या रुग्णाकडून मिळालेली पोर्फिरिने आणि हीममधील पोर्फिरिन यांत गटांची मांडणी एकसारखी नाही, असे त्यांच्या लक्षात आले. रुग्णाच्या पोर्फिरिनात चारही कड्यांवर गटांचा क्रम एकसारखा होता. याला प्रकार एक म्हणतात. हीम ज्या मालिकेतून येते, त्या प्रकार तीनमध्ये चौथ्या कड्यावरील क्रम उलटा असतो. चार माणसे फेर धरून आत तोंड करून उभी असावीत आणि त्यांतील एकाने बाहेर तोंड करावे, म्हणजे त्याच्यापुरती डावी-उजवी बाजू बदलते, तसेच हे आहे. निसर्गात या दोन मालिका शेजारी शेजारी का आढळतात, याचे उत्तर फिशर यांच्या हयातीत मिळाले नाही.

हरितद्रव्य आणि पित्तरंजके

हेमिननंतर फिशर हरितद्रव्याकडे वळले. त्याचा मूळ साचाही चार पायरोलांचाच आहे. पण मध्यभागी लोहाऐवजी मॅग्नेशियम असते, एका कड्यात दोन हायड्रोजन अणू जास्त असतात, कार्बनचे पाचवे लहान कडे जोडलेले असते आणि फायटॉल या लांब साखळीचे शेपूट असते. हे सर्व तपशील जुळवून १९४० च्या सुमारास फिशर यांनी हरितद्रव्याची रचना जवळजवळ पूर्णपणे मांडली. त्याचे संपूर्ण संश्लेषण मात्र त्यांच्या हातून पूर्ण झाले नाही. १९६० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते साध्य केले. त्याच वर्षी म्युनिकमध्ये मार्टिन श्ट्रेल यांनीही फिशर यांच्या मार्गाने जात तेच उद्दिष्ट गाठले.

ज्या बिलिरुबिनपासून त्यांच्या संशोधनाला आरंभ झाला होता, त्याकडे ते अखेरीस परतले. बिलिरुबिनातही चारच पायरोल असतात, पण त्यांचे वर्तुळ एका जागी तुटून त्याची सरळ साखळी झालेली असते, हे त्यांनी दाखवले. १९४२ मध्ये हान्स प्लीनिंगर यांच्या साहाय्याने त्यांनी बिलिरुबिनाचे संश्लेषण पूर्ण केले. जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर त्यांतील हीमचेच पित्तरंजक होते, या वैद्यकीय समजाला त्यामुळे रासायनिक आधार मिळाला.

ग्रंथ आणि सन्मान

फिशर यांनी हान्स ओर्ट यांच्यासह पायरोलाच्या रसायनशास्त्रावर बृहद्ग्रंथ लिहिला. त्याचे पहिले दोन भाग १९३४ व १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९४० मधील भागाचे सहलेखक आडोल्फ श्टेर्न होते. या विषयाचा तो दीर्घकाळ आधारग्रंथ राहिला.

१९२९ मध्ये त्यांना लीबिग स्मृतिपदक, १९३७ मध्ये रॉयल सोसायटीचे डेव्ही पदक मिळाले. हार्वर्ड विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेटही त्यांना मिळाली. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्या १९३० सालीच भौतिकशास्त्राचे पारितोषिक चंद्रशेखर वेंकट रामन यांना आणि वैद्यकाचे पारितोषिक मानवी रक्तगटांच्या शोधासाठी कार्ल लँडश्टायनर यांना मिळाले होते. एकाच वर्षी रक्ताशी संबंधित दोन शोधांचा असा गौरव झाला. १९३५ मध्ये फिशर विवाहबद्ध झाले. त्यांच्या पत्नीचे नाव व्हिल्ट्रूट हाउफे.

अखेर

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या महिन्यांत म्युनिकवर झालेल्या बॉम्बहल्ल्यांत फिशर यांची संस्था उद्ध्वस्त झाली. जवळजवळ पाव शतक ज्या प्रयोगशाळेत त्यांचे सारे काम चालले होते, ती नाहीशी झाली. आपले आयुष्यभराचे कार्य संपुष्टात आले, या निराशेत ३१ मार्च १९४५ रोजी त्यांनी आत्महत्या केली. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आतच युरोपातील युद्ध थांबले.

त्यांचे कार्य संपले होते, हा समज मात्र खरा ठरला नाही. त्यांच्या रचना ग्रंथांत व शोधनिबंधांत नोंदलेल्या होत्या, त्यांच्या पद्धती शिष्यांच्या हातात होत्या आणि त्यांनी अनुत्तरित ठेवलेले प्रश्न दुसऱ्या खंडातील संशोधकांनी लवकरच हाती घेतले.

पुढील संशोधन : हीमचा चयापचय

फिशर यांनी हीम कशाचे बनलेले आहे हे सांगितले; शरीर ते कसे घडवते, हा प्रश्न उरला होता. फिशर यांच्या मृत्यूच्या सुमारासच न्यूयॉर्क येथे डेव्हिड शेमिन यांनी नायट्रोजनच्या जड समस्थानिकाने खूण केलेले ६६ ग्रॅम ग्लायसिन स्वतः खाल्ले आणि आपल्या रक्तातील हीममध्ये ती खूण उमटते, हे दाखवले. हीममधील नायट्रोजन ग्लायसिन या साध्या अमिनो अम्लातून येतो, हे त्यावरून कळले. ही खूण केव्हा नाहीशी होते यावरून तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे चार महिने असते, हेही मोजता आले. शेमिन यांना हीमचे अणू एकेक करून मोजता आले, कारण प्रत्येक अणूची जागा फिशर यांनी आधीच निश्चित केली होती.

पुढील दोन दशकांत हा सर्व मार्ग उलगडला. ग्लायसिन आणि सक्सिनिल सहविकर-अ यांपासून अमिनोलेव्ह्युलिनिक अम्ल बनते. त्याचे दोन रेणू मिळून पोर्फोबिलिनोजेन हा पायरोल तयार होतो. असे चार पायरोल जुळून वर्तुळ पूर्ण होते आणि अखेरच्या पायरीवर त्यात लोह बसते. या मार्गावर एकूण आठ विकरे काम करतात. त्यांपैकी कोणत्याही एका विकरात दोष निर्माण झाला, तर त्याआधीच्या पायरीवरील पदार्थ साचतात. पोर्फिरियाचे बहुतेक प्रकार अशा रीतीने उद्भवतात. शिशाच्या विषबाधेत रक्तक्षय होतो, त्यामागेही यांपैकी काही विकरांचे कार्य रोखले जाणे हे एक कारण असते.

दोन मालिकांचे कोडेही याच संशोधनातून सुटले. चौथ्या कड्याचा क्रम उलटवण्याचे काम एक स्वतंत्र विकर करते. जन्मजात पोर्फिरियाच्या रुग्णात हेच विकर अपुरे असते; त्यामुळे क्रम न उलटता वर्तुळ आपोआप मिटते आणि शरीराला निरुपयोगी असे प्रकार एकचे पोर्फिरिन साचत जाते. फिशर यांनी त्या रुग्णाच्या मूत्रातून वेगळ्या केलेल्या स्फटिकांत या दोषाची खूण होती.

काही बाबतींत फिशर यांच्या काळातील कल्पनांत सुधारणाही करावी लागली. युरोपोर्फिरिन व कोप्रोपोर्फिरिन हे हीमच्या मार्गावरील प्रत्यक्ष टप्पे नसून, त्यांची जास्त हायड्रोजन असलेली रंगहीन रूपे, म्हणजे पोर्फिरिनोजेने, हे खरे टप्पे आहेत. ती ऑक्सिडीकरणाने रंगीत होऊन शरीराबाहेर पडतात. हीममधून पित्तरंजकाकडे जाणारी पहिली पायरी घडविणारे हीम ऑक्सिजिनेज हे विकर १९६८ मध्ये सापडले.

आज मेंदूतील काही गाठींच्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला अमिनोलेव्ह्युलिनिक अम्ल पाजतात. गाठीच्या पेशींत प्रोटोपोर्फिरिन नऊ साचते आणि निळ्या प्रकाशात त्या पेशी लाल चमकतात. त्यामुळे निरोगी व रोगट भाग वेगळे ओळखणे शस्त्रवैद्याला सोपे जाते. ज्या प्रकाशगुणामुळे पोर्फिरियाचे रुग्ण उन्हाला पारखे झाले, तोच गुण येथे उपचाराच्या कामी येतो. त्या पदार्थाच्या नावातील नऊ हा आकडा फिशर यांनी म्युनिकच्या प्रयोगशाळेत केलेल्या यादीतून आलेला आहे.